पहिला सेकंद कुठे गेला?

स्मरणिकेत छड्या आणि गॅदरिंग यांवर बरेच जण लिहितील, म्हणून मी भूगोलाच्या एका तासाबद्दल लिहितो. (आपल्या शाळेतला 'तास' पस्तीस मिनिटांचा असे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.)

अक्षांश-रेखांश चालू होते. अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद, असं सर सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सेकंड म्हणजे दुसरा ना? मग पहिला कुठे गेला?" वर्गात हशा पिकला. सरांनी मात्र पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं : पार्स मिनुटा प्रिमा. त्याखाली : पार्स मिनुटा सेकुंडा.

हे लॅटिन. पहिला बारीक भाग, दुसरा बारीक भाग. वरच्या ओळीतलं 'मिनुटा', म्हणजे बारीक, तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं, त्याचं मिनिट झालं. खालच्यातलं 'सेकुंडा' राहिलं, त्याचा सेकंद. पहिला कुठे गेलाच नव्हता, नाव बदलून शेजारी बसला होता! 'सेकुंडा'चा मूळ अर्थ मागोमाग येणारी, हेही सरांनी सांगितलं. काळाच्या मापाला याहून चपखल नाव मला तरी माहीत नाही.

साठाची भागणी बॅबिलोनची. दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने अंश असेच विभागले, तेही आकाशातले कोन मोजायला. इंग्रज विद्वान रॉजर बेकनने १२६७ मध्ये पौर्णिमेच्या वेळा मांडताना सेकंदाचेही साठावे भाग केले, मग त्यांचेही. सगळं कागदावरच, घड्याळात मिनिटकाटा रुळला तो १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केल्यानंतर.

एवढ्यात पंचांगवाल्या घरातला आमचा एक वर्गमित्र उठला. "सर, आमच्याकडेही साठच. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं." सरांनी त्याच्याच हातात खडू दिला. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं इथवर तो झरझर आला, विपळाशी अडला. घंटा झाली, पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी ०.४ सेकंद हे उत्तर आल्याशिवाय सरांनी त्याला सोडलं नाही.

सहामाहीला यातलं काही आलं नाही. कॉलेजात गेल्यावर कळलं की १९६७ पासून सेकंद सिझियम अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर ठरतो. कोनाशी, सूर्याशी आता त्याचा काही संबंध उरलेला नाही. नाव मात्र अजून 'दुसरा'च.