वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर कयाक आणि जिवंत आमिष: आधी ते चारशे मीटर

"उतारावरून कयाक टाकली की समोर उघडं पाणी," असं जो सांगतो, त्याने एकतर सप्टेंबरात पाहिलंय किंवा पुलावरून पाहिलंय. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, भंडाऱ्याकडच्या काठावर, उतार आणि उघडं पाणी यांच्यामध्ये चारशे मीटर आहेत. पहिले शंभर बेशरमच्या झुडपांचे, मधले दोनशे जलकुंभीचे, शेवटचे शंभर बुडालेल्या झाडांच्या खुंटांचे. जाताना पन्नास मिनिटं लागली, येताना पावणेदोन तास. ज्या शिकारी माशासाठी गेलो ती मरळ मिळाली, ती पुढे येईलच. पोहणं, वल्हं मारणं आणि अंगात लाइफ जॅकेट हे धरूनच चाललोय. ज्याच्याकडे हे नाही त्याने काठावर बसून गळ टाकावा, त्यातही मजा आहे.

आमिषापासून सुरुवात करतो, कारण पहिली फसगत तिथेच. काठावर एकाने प्लास्टिकच्या पिशवीत दहा मासोळ्या दोनशे रुपयांना दिल्या. सात उताराला पोचेपर्यंत पोट वर करून मेल्या. वर "कयाक लावायचे" तीनशे मागितले, पावती नाही. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. आदल्या दिवशी त्या संस्थेत जा, गळाने मासे धरायची परवानगी आणि पैसे असतील तर पावती तिथेच घ्या. काठावर उभ्या असलेल्या कोणाच्याही हातात रोकड देऊ नका. पाण्यावर खरा हक्क ज्या ढिवर मच्छीमारांचा आहे ते असे पैसे मागत फिरत नाहीत, पहाटे चार वाजता जाळी उचलायला गेलेले असतात.

आमिष स्वतः धरा. जलाशयात नाही, अलीकडच्या बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा पाटाच्या कडेला, आणि बोडी कोणाच्या ठेक्यात असेल तर विचारून. दोन लिटरच्या बाटलीचा गळ्याकडचा भाग कापून उलटा आत बसवा, तोंड दीड इंचाच्या आसपास राहू द्या. तापवलेल्या खिळ्याने अंगाला वीस-पंचवीस भोकं पाडा, नाहीतर बाटलीत पाणी फिरत नाही आणि वास बाहेर जात नाही. आत मूठभर धानाचा कोंडा आणि त्याच्या निम्मी जवसाची ढेप, पाण्यात मळून घट्ट गोळा. गोळा सैल असला की पाच मिनिटांत विरघळतो आणि मासोळ्या बाहेरच खाऊन जातात. एक दगड टाका, सुतळी बांधा, टोंगळाभर (गुडघाभर) पाण्यात गवताच्या कडेला तोंड ठेवून सोडा. अर्ध्या तासाने उचला. रात्रभर ठेवायचा आळशीपणा करू नका. कोंडा आंबतो, बाटलीतला प्राणवायू संपतो आणि सकाळी हातात कुजका वास येतो. अशा चार बाटल्यांत तासाभरात तीस-पस्तीस मासोळ्या होतात. सहा-सात सेंटिमीटरच्या ठेवा, बाकी तिथेच सोडा. फेकायचं जाळं असेल तर काठावरूनच फेका. कयाकवर बसून जाळं फेकणारे बहुतेक वेळा जाळ्याच्या मागोमाग स्वतः जातात.

झिंगे हवे असतील तर उजाडायच्या आधी, पाण्यात लोंबणाऱ्या मुळांखालून बारीक हातजाळी झटकत न्या. झिंगा चांगलं आमिष आहे, पण बारीक मासे त्याला टोचून संपवतात आणि मरळ यायच्या आत गळ रिकामा होतो. बेडूक लावू नका. गावात सगळे सांगतील की मरळीला बेडकासारखं काही नाही, आणि खरंही आहे. पण मोठा पिवळा-हिरवा बेडूक वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि पलीकडच्या काठाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द लागते. त्या बाजूला उतरायचंही नाही, गळही टाकायचा नाही.

आता सात मासोळ्या का मेल्या ते. पिशवीत गर्दी होती, हे एक. दुसरं, पिशवी भरली होती जलकुंभीच्या कडेच्या पाण्याने. पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू खातात, त्यामुळे उजाडताना दाट वनस्पतीतल्या पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. नेमकं ते पाणी बादलीत घेतलं की मासोळ्या पहिल्या मिनिटापासून धापा टाकतात. म्हणून ज्या बोडीतून धरल्या तिथलंच, पण मोकळ्या भागातलं पाणी घ्या आणि ओतताना हातभर उंचीवरून ओता. वीस लिटरच्या झाकणाच्या बादलीत पंधरा लिटर पाणी आणि पंधराच मासोळ्या. बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, सेल नवे घाला. नळाचं पाणी अजिबात नाही, त्यातलं क्लोरिन कल्ले जाळतं. ऊन चढलं की गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली बादलीत सोडा, सुटा बर्फ नाही. बादली पायांच्या मध्ये ठेवा. मागच्या खणात ठेवली तर कयाकचं नाक वर उचललं जातं आणि जलकुंभीत ते नाकच तर खाली हवं असतं.

तर ते चारशे मीटर. बेशरम मुळाने रुतलेलं असतं, त्यातून ढिवरांच्या डोंग्यांनी पाडलेल्या वाटा आहेत. त्याच धरा, स्वतःची काढू नका. इथपर्यंत ठीक. जलकुंभी रुतलेली नसते, तरंगते, आणि फसवणूक इथे आहे. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा तिच्यात मीटरभर रुंदीची फट दिसते. माणूस खूश होऊन घुसतो. साडेनऊ-दहाला वारा सुटला की तो अख्खा गालिचा काठाकडे सरकतो आणि फट मिटते. येतानाचे पावणेदोन तास ते हेच. रुंद पात्याचं वल्हं इथे कामाचं नाही, प्रत्येक फटक्याला चार किलो मुळं उचलून आणतं. आठ फुटांचा बांबू न्या, टोकाला दुबेळका ठेवा, म्हणजे झाडांना रेटता येतं. तळाला रेटू नका. खाली मांडीपर्यंत गाळ आहे. बांबू रुतला आणि कयाक पुढे सरकली, तर बांबू सोडा. जो धरून ठेवतो तो पाण्यात पडतो. ढकलायला खाली उतरणं हा सगळ्यात वाईट विचार. रडर (सुकाणू) पहिल्या मीटरपासून वर उचलून बांधा, चाकू छातीवर हाताला येईल असा ठेवा. पुढे ढिवरांची नायलॉनची जाळी पसरलेली असतात, वर थर्माकोलचे नाहीतर रिकाम्या बाटल्यांचे तरंगे. त्यांना वळसा घाला. जाळ्यावरून जाणं म्हणजे एखाद्याच्या दिवसाच्या कमाईवरून जाणं.

आमचं स्पष्ट मत: दहाच्या आधी परत फिरता येत नसेल तर या काठावरून उतरूच नका. आदल्या संध्याकाळी येऊन बघा, जलकुंभी ज्या काठाला लागलेली असेल त्याच्या समोरचा काठ निवडा, अभयारण्याची हद्द सोडून. वीस किलोमीटर गाडी जास्त चालेल, हरकत नाही.

खुंटांचा पट्टा. धरणाची पूर्ण पातळी २४५.५० मीटर, तेवढं पाणी असलं की खुंट खोल जातात. पातळी उतरू लागली की ते पाण्याच्या वीतभर खाली येतात आणि दिसत नाहीत. हवेच्या कयाकने इथे जाणं मूर्खपणा आहे, जाड प्लास्टिकचीच हवी. नांगर टाकू नका, फांदीत अडकला की तिथेच राहतो. त्याऐवजी सुताराचा शिकंजा दोन मीटर दोरीने कयाकच्या नाकाला किंवा शेपटीला बांधून वाळल्या खोडाला लावा. मध्ये, कुशीला बांधलं तर पहिली लाट कयाक आडवी करते. गाठ एका ओढीत सुटणारी.

मरळ याच खुंटांत. हवेतून श्वास घ्यायला वर येते, तेव्हा एक हलकं वर्तुळ आणि मागे दोन-चार बुडबुडे उरतात. थंड पाण्यात हे कमी वेळा घडतं, धीर धरा. सात फुटी जाड रॉड, ३००० आकाराची रील, तीस पौंडांची विणलेली दोरी, पुढे अर्धा मीटर ०.५० मिलिमीटरची साधी नायलॉन. गळ २/० मापाचा, गोल वळणाचा. आमिषाला पाठीच्या पराच्या किंचित पुढे, कण्याच्या वरून टोचा. कण्यातून गेला तर मासोळी लुळी पडते. तरंगा साठ सेंटिमीटरवर. मरळ आमिष आडवं धरते, मग वळवून गिळते. तरंगा बुडाला की झटका मारला तर आमिष तेवढं हातात येतं. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, मग झटका न देता जोरात गुंडाळा. दोन सेकंद ढिलाई केली की ती खुंटाला वेढा घालते. दोन मिळाल्या, नऊशे ग्रॅम आणि एक किलो चारशे. तिसरीने दोरी कापली, चूक आमचीच. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा घोळका वर आलेला दिसला तर खालच्या नर-मादीला हात लावू नका, ती राखण करत असतात.

एक शिंगाळा मासाही आला. त्याच्या पाठीचा आणि बाजूचे काटे टोचले तर हात दिवसभर ठणकतो, पकडीने धरा. जखम झालीच तर इथल्या पाण्यात धुऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि अंभोऱ्याला कन्हानमधून वैनगंगेत येतं. प्यायचं पाणी चार लिटर घरून.

दुसऱ्या दिवशी एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर गेलो. सोपा, स्वच्छ, कमळं फुललेली. सांगण्यासारखं काही नाही.

उरलेलं आमिष जलाशयात ओतू नका, जिथून धरलं त्या बोडीतही नाही, कारण आता त्या बादलीत इथलं पाणी शिरलेलं असतं. ते काठावरच्या बगळ्यांना द्या. कयाक उलटी करून रडरची खाच, बसायची जागा आणि दोरीचे वेढे तपासा. आमच्या खाचेतून बोटभर जलकुंभीचा तुकडा निघाला, मुळासकट. तो तापल्या मुरमावर टाकून वाळू दिला आणि मगच कयाक गाडीवर चढवली.