चतुर्थीलाच जागी होणारी खोली

भुताटकीची खोली तपासायला जाताना बरोबर काय नेता, असं मला हमखास विचारलं जातं. शिवणाचा पांढरा दोरा, तांदळाचं पीठ, मोजपट्टी, तापमापक, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा अलार्म, फोन, उदबत्तीचा पुडा आणि एक नारळ. नारळ सगळ्यात आधी लागतो. तो फुटल्याशिवाय बाकीची पिशवी उघडायला कोकणात कोणी देत नाही.

मी कुडाळ तालुक्यात एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हा सुट्टीतला उद्योग. इंग्लंडमध्ये हॅरी प्राइस नावाच्या गृहस्थांनी या कामात बरंच आयुष्य घातलं. आवाज न करता घरात फिरता यावं म्हणून फेल्टचे जोडे, पोलादी मोजपट्टी, आणि कोणी घेरी येऊन पडलंच तर ब्रँडी, असा त्यांचा सरंजाम असे. 1936 साली केंटमधल्या एका झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घरातून त्यांनी बीबीसीवर थेट प्रक्षेपणही केलं होतं. माझ्याकडे ब्रँडीच्या जागी कोकम सरबताची बाटली असते.

ही खोली मैत्रिणीच्या माहेरची. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, आणि माजघराच्या उजव्या अंगाला बाळंतिणीची खोली. दोन पिढ्यांमागे याच खोलीत घरातली एक सून बाळंतपणात गेली. तेव्हापासून तिथे अळवंतीण आहे, असं गावात सगळ्यांना ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं. कित्येक वर्षं त्या खोलीत भाताची कणगी आणि जुने पेटारे सुखाने राहिले. त्रास अलीकडचा. खोलीत झोपलेल्यांना पहाटे छातीवर दडपण येतं, डोकं फुटेल असं दुखतं, मळमळतं. कोणाला कोपऱ्यात केस मोकळे सोडलेली बाई दिसते, कोणाला माळ्यावर पावलं ऐकू येतात. गेल्या चतुर्थीला मैत्रिणीची वहिनी, पाच महिन्यांची गरोदर, तिथून उठून माजघरापर्यंत आली आणि कोसळली. त्यानंतर खोलीला कुलूप लागलं.

मुंबईच्या एका भाच्याने मांत्रिक आणायचं ठरवलं होतं. तो म्हणे मिरच्यांची धुरी देऊन अळवंतीण काढतो, आणि धुरीच्या वेळी वहिनीला आत बसवायचं. मी भाच्याला फोनवर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. घरची पूजा, नारळ, गाऱ्हाणं याला तो कायदा हात लावत नाही, हेही सांगितलं, कारण त्याचा पुढचा प्रश्न तोच होता.

आबा, म्हणजे मैत्रिणीचे वडील, मात्र कुलूप काढायला तयार नव्हते. देवळात कौल लावायचा, उजवा मिळाला तर खोली उघडायची. मी हो म्हटलं. ग्रामदेवतेच्या मूर्तीला कळ्या लावल्या, मानकऱ्यांनी प्रश्न घातला आणि आम्ही सगळे गाभाऱ्याकडे डोळे लावून बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवीकडची कळी पडली. मला त्या क्षणी किती बरं वाटलं हे सांगायला संकोच नाही. डावी पडली असती तर मी पिशवी उचलून घरी आले असते.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या उंबऱ्यावर गाऱ्हाणं झालं. ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घरातली सगळी तक्रार मोठ्या आवाजात, तपशिलाने मांडणं. पुढे एकजण बोलतो, बाकीचे दर वाक्याला होकार देतात. "बा देवा म्हाराजा, जा काय चुकला-माकला असात तां पोटात घाल, लेकरांचो सांभाळ कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" देवापुढे खोटं चालत नाही आणि काही गाळूनही चालत नाही. कोणाला, कधी, कुठल्या सणाला, कुठल्या कुशीवर झोपला असताना काय झालं, हे सगळं आबांनी ओळीने सांगितलं, आणि जिथे ते अडखळले तिथे मागून बायकांनी दुरुस्ती केली. मी दारामागे वही घेऊन बसले होते. नुसती प्रश्नावली घेऊन गेले असते तर याच्या निम्मंही मिळालं नसतं.

वही वाचताना एक गोष्ट ठसठशीत दिसली. त्रास चतुर्थीला होतो, शिमग्याला होतो. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं त्याच खोलीत पंखा लावून लोळतात, त्यांना काही नाही. घरच्यांकडे याचा अर्थ तयार होता: सणाला कुळातली माणसं जमतात म्हणून ती जागी होते. अर्थ वाईट नव्हता. सणाला काहीतरी जागं होत होतं हे खरंच. काय, एवढंच शोधायचं होतं.

आधी नेहमीचे संशयित. 1998 साली कॉव्हेंट्रीच्या विक टँडी या अभियंत्याने एक निबंध लिहिला, तो आमच्या क्षेत्रात फार गाजला. त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना भीती वाटायची, त्याला स्वतःला डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. पकडीत अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना पाहून त्याने माग काढला, तर नवीन बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 19 कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी घुमत होता. तेव्हापासून प्रत्येक भूत 19 हर्ट्झचं आहे असं म्हणायची फॅशन आली. मला ती पटत नाही. आपला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे-पावणेचारशे फेरे घेतो, पाती तीन, म्हणजे पात्यांचा ठेका सेकंदाला 18-19 होतो. तेवढ्याने भुतं दिसत असती तर मे महिन्यात अख्खा महाराष्ट्र झपाटलेला असता. तरीही फोनवरच्या फायफॉक्स ॲपने भिंत, खाट, जमीन सगळ्यांची कंपनं घेतली. विहिरीवरचा पंप चालू असताना भिंतीत थोडी थरथर आली, बाकी शांत.

विद्युतचुंबकीय मीटरही फिरवला, कारण टीव्हीवर बघितलेलं असतं आणि लोक तेच मागतात. जुन्या वायरिंगपाशी मीटरचे दिवे लागले. ते कुठल्याही जुन्या घरात लागतात.

रात्री दाराला, खिडकीला आणि माळ्याच्या झडपेला दोरा आडवा बांधला, टोकं मेणाने चिकटवली. माळ्यावर फळ्यांवर तांदळाचं पीठ पसरलं. घरातल्या काकींनी उंबऱ्यात हळदकुंकू घालून रांगोळी काढली. त्यांच्या दृष्टीने ती वेस होती, माझ्या दृष्टीने पावलं टिपणारा कागद, आणि दोघींचं एकाच चिमटीत भागलं. सकाळी दोरे शाबूत, रांगोळी शाबूत, पिठात मात्र पाच-पाच बोटांचे ठसे कौलापासून पेटाऱ्यापर्यंत. कांडेचोर, म्हणजे उदमांजर. माळ्यावर पिकत घातलेले केळ्याचे घड होते, म्हणजे चालणारी सापडली. आबा हसले नाहीत. "चालणारा वेगळा, छातयेर बसणारा वेगळा," म्हणाले. बरोबरच होतं. कांडेचोर कोणाचं डोकं दुखवत नाही.

झोपेतून अर्धवट जाग येते आणि अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्याचा भास होतो, याला निद्रापक्षाघात म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल सोडलेले असतात, ते सुटायच्या आधी मन जागं होतं. कोपऱ्यातली बाई मी त्याच्या खाती टाकायला तयार होते, विशेषतः झोपायच्या आधी प्रत्येकाला अळवंतिणीची गोष्ट सांगितली जात असताना. पण उठल्यावर तासन्तास डोकेदुखी आणि ओकारी? आणि एकाच पहाटे तिघांना?

याचं उत्तर उदबत्तीने दिलं. संध्याकाळी काकींनी धूपारत केली आणि उदबत्त्या खोलीच्या मधोमध खोचल्या. धूर सरळ वर जाईल अशी अपेक्षा. तो वाकला. पश्चिमेच्या भिंतीकडून आलेल्या वाऱ्याने ढकलावा तसा खोलीच्या आत वाकला. आता त्या भिंतीला खिडकी नाही. मी खुर्चीवर चढून बॅटरी मारली. जुन्या घरांत असतं तसंच होतं, आतली भिंत वाशांपर्यंत जातच नव्हती. वर हातभर फट. पलीकडे काय, विचारलं तर कळलं, न्हाणीघर. पूर्वी ते मागच्या अंगणात होतं, आता घराला जोडून बांधलेलं, टाइल्स लावलेलं, छोटीशी खिडकी पावसामुळे कायम बंद. आणि आत भिंतीवर गॅस गिझर, धूर बाहेर नेणारी नळी नसलेला.

तिथून पुढे वहीतली प्रत्येक ओळ जागेवर बसायला लागली. एरवी घरात दोन-तीन माणसं, मागच्या चुलीवर पाणी तापवणारी. चतुर्थीला आणि शिमग्याला घर भरतं, पहाटे चारपासून आंघोळीची रांग लागते आणि गिझर एकसारखा जळत राहतो. मेमध्ये सगळे थंड पाण्याने न्हातात. बंद जागेतला प्राणवायू कमी झाला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळला तर कळतो, म्हणून घरचे निर्धास्त होते. हा गळत नव्हता, जळून आल्यावर विषारी होत होता. गरम हवेबरोबर वर चढून फटीतून झोपलेल्यांवर उतरत होता.

दुसऱ्या पहाटे आम्ही चतुर्थीची रंगीत तालीम केली. खोलीत आणि न्हाणीघरात माणूस नाही, दोन्हीकडे मीटर, मीटरसमोर व्हिडिओवर लावलेले फोन. नळाला पाइप जोडून पाणी अंगणात सोडलं आणि गिझर रांग लागल्यासारखा चालू ठेवला. आधी ज्योत निळी होती, मग तिला पिवळी टोकं आली. न्हाणीघरातला अलार्म आधी ओरडला. खोलीत उशीच्या उंचीवरचा आकडा शून्यावरून हळूहळू सरकत 90 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 90 भागांच्या, पुढे गेला. हे अलार्म 70 पीपीएमला लगेच वाजत नाहीत, तासाभरापासून चार तासांपर्यंत थांबतात. म्हणून नुसता भोंगा न घेता आकडा दाखवणारा घ्यावा. आम्ही गॅस बंद केला, सगळी दारं उघडली, आणि अंगणात उभं राहून फोनवरचे आकडे पुन्हा पाहिले.

वहिनी घाटावरची, बोलणारी. "मग माझा ऑक्सिजन 98 कसा आला होता?" तिने लगेच विचारलं. प्रश्न मोलाचा होता. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर प्राणवायूने भरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन यात फरक करू शकत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. शिवाय उघड्या हवेत चार-पाच तासांत हा वायू रक्तातून निम्मा होतो. दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत पुरावा पातळ झालेला. पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. बाळ ओटीवर रांगत होतं, त्याचं सगळं ठीक होतं. आबांना मात्र बाजूला घेऊन सांगितलं.

ही काही माझी नवी विद्या नाही. 1921 साली विल्मर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने नेत्रविकाराच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली होती: जुन्या मोठ्या घरात राहायला गेले आणि पावलं, आकृत्या, डोकेदुखी सुरू झाली. शेवटी तळघरातली भट्टी बिघडलेली निघाली, तिचा धूर बाहेर न जाता घरात येत होता.

गिझर काढून मागच्या पडवीत, उघड्यावर, पागोळ्या लागणार नाहीत अशा ठिकाणी बसवला. आत फक्त गरम पाण्याचा नळ आला. भिंतीवरची फट बुजवली, न्हाणीघराची खिडकी जाळीची केली. अलार्म खोलीतच ठेवून आले. आबांनी तरीही राखणदाराला नारळ दिला आणि गेलेल्या सुनेच्या नावाने पान वाढलं. आजवर तिच्यासाठी कोणी वेगळं पान वाढलं नव्हतं, असं काकी म्हणाल्या. मला त्यात हरकत घ्यायचं काही कारण दिसलं नाही. भाच्याचं म्हणणं, प्लंबरला बोलावलं असतं तर एवढा खटाटोप कशाला. प्लंबर आला होताच की. गिझर त्यानेच तिथे लावला होता. आबांचं म्हणणं, कौल उजवा पडला तेव्हाच निम्मं काम झालं. यंदाच्या चतुर्थीला वहिनी बाळाला घेऊन त्याच खोलीत झोपली. पहाटेच्या रांगेतही आकडा शून्यावरून हलला नाही.

निघायच्या दिवशी शेजारच्या घरी चहाला गेले होते. हात धुवायला न्हाणीघरात शिरले तर तसाच गिझर, तशीच बंद खिडकी. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, खिडकी उघडी ठेवा, जमेल तेव्हा गिझर बाहेर काढा म्हटलं. यजमानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण आमच्याकडे भूत खय आसा? मगे गिझर कित्याक हलवूचो?" म्हणाले. पिशवीत एक जादा अलार्म होता, तो त्यांच्या माजघरात लावून मी एसटीला निघाले.