कुठल्या टूलपासून सुरुवात करू?

गेम बनवायला शिकायचंय, कुठलं टूल घेऊ, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वेग, ग्राफिक्स, भाषा यांची तुलना हवी असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी आधी एवढंच बघते: दुसऱ्याने केलेला गेम उघडून त्याचा कोड वाचता येतो का?

पिको-८ घ्या. प्रत्यक्षात कधीच नसलेला, फक्त सॉफ्टवेअर म्हणून चालणारा, मुद्दाम तोकडा ठेवलेला गेम कन्सोल. स्क्रीन १२८ × १२८ पिक्सेलची, रंग १६, कोडला ८१९२ टोकनची मर्यादा (टोकन म्हणजे साधारण कोडमधला एकेक शब्द, आकडा किंवा चिन्ह). गेमची कार्ट्रिज, म्हणजे गेमची फाइल, हे एक पीएनजी चित्रच असतं. पिक्सेलच्या रंगांतल्या शेवटच्या दोन-दोन बिट्समध्ये कोड, स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं), आवाज सगळं दडवलेलं. चित्र पाठवलं की गेम पोहोचला! खेळता खेळता एस्केप दाबत गेलात की लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतला अख्खा कोड समोर.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये ‘सेलेस्ट’ हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम आधी इथेच, चार दिवसांत केला. त्या कोडमध्ये ‘ग्रेस’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवणारी जागा, आहे. पाय जमिनीवर असताना त्याची किंमत ६ असते. कड्यावरून पाय सुटला की ती दर फ्रेमला एकाने उतरते, आणि शून्य होईपर्यंत उडी मारता येते. खेळणाऱ्याला हे कळतही नाही, त्याला फक्त उडी हाताला गोड लागते. असली गोष्ट पाठ्यपुस्तकात वाचून अंगात मुरत नाही.

अशा टूलभोवती माणसं जमतात तीही कोड असा उघडा असल्यामुळेच. टोकन संपले की नवखा आणि मुरलेला दोघेही सारखेच अडतात. मग कुणीतरी तुमच्या चार ओळींच्या दोन करून देतं, आणि का केल्या तेही सांगतं. ठोकळे जोडून कोड लिहायच्या स्क्रॅचमध्ये (२००७ पासून) दुसऱ्याचा कोड बघायची सोय बटणातच आहे: दुसऱ्याचा प्रोजेक्ट आतून बघा, रीमिक्स करा, मूळ करणाऱ्याचं नाव आपोआप सोबत राहतं. लहान मुलांसाठीचं म्हणून त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो. ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ हे गेम बनवायचं टूल तर १९९७ मध्ये ख्रिस जोन्स या एकट्या माणसाने सुरू केलं. पुढे त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि वापरणाऱ्यांनीच तो हौसेने सांभाळला.

थ्रीडीच करायचं असेल तर सरळ गोडो हे गेम इंजिन (गेम ज्यावर चालतो ते तयार सॉफ्टवेअर) घ्या. २०१४ पासून एमआयटी लायसन्सखाली खुलं आहे, म्हणजे इंजिनाच्याही पोटात शिरता येतं.

नाहीतर ‘सेलेस्ट’ची ती जुनी कार्ट्रिज उघडा. ग्रेसच्या ६ च्या जागी १ घाला, खेळा. मग २० घालून खेळा. दोन्ही वेळा तोच कडा, तीच उडी. काय बदललं ते बोटांना कळेल. त्यानंतर टूलबद्दल पुन्हा विचारा, तेव्हा तुमचा प्रश्न जास्त नेमका असेल.