वारा सरला का, काका?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला सकाळच्या राऊंडला पहिला प्रश्न असतो तो हाच. नव्या विद्यार्थिनी खुदकन हसतात, पेशंट भिंतीकडे बघतात. सोलापूरच्या आमच्या वॉर्डात बार्शी-मंगळवेढ्याकडून आलेल्या मावश्या तर पदर तोंडाशी धरून नुसती मान हलवतात. ती मान हो म्हणाली की नाही, हे देवालाच ठाऊक. मग मी सरळ सुनेला विचारते. सून बिनधास्त असते. "पहाटेच झालं बघा सिस्टर, चांगलं मोठ्यानं!" मी फाईलवर 'फ्लॅटस पास्ड' लिहिते आणि मावशींच्या चहाचा मार्ग मोकळा होतो.

नातेवाईकांना वाटतं, सलाईन चालू आहे, टाके सुकताहेत, मग दोन घास द्यायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की घास गिळणं आपल्या हातात असतं, पण गळ्याखाली उतरला की आपली सत्ता संपली. पुढचं सगळं आतड्याच्या मर्जीवर. त्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आत गोल वेढ्यांचा आणि बाहेर उभ्या धाग्यांचा. परकराच्या नेफ्यात पिन लावून नाडी ओवताना आपण काय करतो? पिनेच्या मागचं कापड चुणून घट्ट धरतो, पुढचं सैल सोडतो, की पिन सरकते. आतडंही घासाच्या मागे आवळतं आणि पुढे सैल पडतं. फक्त इथे ओवणारी बोटं भिंतीतच असतात. दोन थरांच्या मधोमध मज्जापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात ऑएरबाख या जर्मन शास्त्रज्ञानं ते दाखवलं, म्हणून त्याचंच नाव त्याला आहे.

हे जाळं मेंदूला विचारून चालत नाही. १८९९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून टाकल्या. तरी आत काही सरकवलं की मागे आवळणं, पुढे सैल होणं चालूच. मेंदूकडून निरोप येतात, नाही असं नाही. भीतीनं पोटात गोळा येतो तो त्यातलाच. पण रोजचा कारभार आतड्याचा आतडंच बघतं. तालही त्याचा स्वतःचा. जठरात मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा, आणि पुढे जावं तसा वेग उतरतो.

मी काही वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होते, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. अडकलेला हर्निया उघडला की कधी कधी जांभळं-काळं पडलेलं आतड्याचं वेटोळं बाहेर येतं. कापायचं की वाचवायचं? सर्जन लगेच कात्री मागत नाहीत. गरम सलाईनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, मागतात, त्यात ते वेटोळं गुंडाळतात, भूलतज्ज्ञांना ऑक्सिजन वाढवायला सांगतात आणि सगळे थांबतो. काही मिनिटांनी मॉप बाजूला होतो. रंग गुलाबीकडे झुकला का, चकाकी आली का, शेजारच्या शिरेत ठोका लागतो का, हे बघतात. मग हळूच बोटानं टिचकी. आणि त्या जागेवरून एक आकुंचन सरसर पुढे जातं. ते गेलं की आतडं परत पोटात, नाही गेलं तर तेवढा तुकडा काढायचा. मास्कच्या आड मी तेव्हा श्वास रोखून धरलेली असायची, आणि सर्जनही.

मग साध्या ऑपरेशननंतर हे गडी गप्प का बसतात? हाताळणी झाली, सूज आली, शरीर घाबरलं, की हालचाल थंडावते. त्यात आपणच दिलेली मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामकं त्याच जाळ्यावर जाऊन बसतात. (जुलाब थांबवणारं लोपेरामाइड याच घराण्यातलं, ते मेंदूत फारसं जात नाही, म्हणून चालतं.) रक्तात पोटॅशियम उतरलं तर स्नायूंतला जोरच जातो. साधारणपणे लहान आतडं दिवसाभरात जागं होतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यांत आळशी, दोन-तीन दिवस घेतं. वारा सरतो तो या आळशी भावानं काम सुरू केल्याची पावती. स्टेथोस्कोपनं गुरगुर ऐकायची पद्धत आहेच, पण माझं स्पष्ट मत सांगते, कानापेक्षा सुनेवर माझा भरवसा जास्त. पोटात आवाज येतो म्हणजे माल पुढे जातोच असं नाही.

उलटाही प्रकार असतो, आणि तो जास्त धोक्याचा. आतडं झोपलेलं नाही, वाट बंद आहे. पीळ पडलाय किंवा जुन्या टाक्यांच्या जागी चिकटलंय. तेव्हा ते बिचारं दुप्पट जोर लावतं. कळ येते, माणूस गुडघे पोटाशी घेतो, कळ ओसरते, पुन्हा येते. प्रत्येक कळ म्हणजे बंद दारावर एक धडक. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, ना वारा ना संडास. अशा वेळी घरचं कुणीतरी हमखास एरंडेल पाजून आणतं. कृपा करून पाजू नका. वाट बंद असताना मागून ढकलणाऱ्याला आणखी पेटवून आतडं फाटायची वेळ येते.

झोपलेल्या आतड्यासाठी मात्र बरंच करता येतं. आम्ही पेशंटला दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवतो, चालवतो. "सिस्टर, टाके तुटतील ना!" नाही तुटत, काका, चला. काही सर्जन च्युइंगगम चघळायला देतात. चावणं सुरू झालं की अन्न येतंय असं वाटून आतड्याला जाग येते. गावाकडच्या आजोबांना च्युइंगगम देताना जी मजा येते ती वेगळीच. एकानं ते गिळून टाकलं आणि वर विचारलं, "ह्येच्यासंगं शेंगाची चटणी न्हाई का?"

त्यांना आधी चमचा-चमचा पाणी दिलं, पचलं तसा चहा, मग पातळ पेज. भाकरी आणि चटणीचा डबा मुलगा रोज घेऊन यायचा आणि रोज वॉर्डबॉय खायचा.