‘जब हॅरी मेट सेजल’ची पटकथा कुठे बिघडली

ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या या चित्रपटाकडे काय नव्हतं? शाहरुख खान, अनुष्का शर्मा, दिग्दर्शक इम्तियाज अली, प्रीतमचं संगीत, इर्शाद कामिलचे शब्द, के. यू. मोहनन यांचा कॅमेरा. ‘हवाएं’ आजही पुन्हा ऐकावंसं वाटतं. तरी उत्तरार्ध रेटत नेल्यासारखा वाटतो. बरेच जण खापर फोडतात ते दोघांच्या वयातल्या २२ वर्षांच्या अंतरावर. मला ते पटत नाही. जिथे संवाद नीट लिहिलेत तिथे जोडी छान जमते. बिघाड पटकथेत आहे आणि तो नेमका दाखवता येतो.

सुरुवात पक्की आहे. सेजल झवेरी ही गुजराती वकील. घरच्यांसोबतच्या युरोप टूरमध्ये साखरपुड्याची अंगठी हरवते, म्हणून घरी परतायचं सोडून ती अॅमस्टरडॅमलाच थांबते आणि टूर गाइड हॅरीला शोधाला जुंपते. हॅरी बजावतो की बायकांच्या बाबतीत आपण बरे नाही. त्यावर ती सरळ त्याला इंडेम्निटी बाँड लिहून देते, काही घडलं तर जबाबदारी त्याची नाही! हा प्रसंग अस्सल विनोदी आहे. भीती, कुतूहल, वकिली खाक्या, सगळं एका कागदात आलंय. असा कागद पहिल्या अंकात आला की त्यातलं एकेक कलम पुढे मोडायला हवं, आणि प्रत्येक वेळी दोघांना त्याची किंमत मोजावी लागायला हवी. इथे तो कागद पुढे जवळजवळ विसरला जातो. माझ्या मते चित्रपटाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

मग सुरू होतो शोध. प्राग, बुडापेस्ट, लिस्बन. एक साधी चाचणी करून बघा: प्राग आणि बुडापेस्टची अदलाबदल करा. काहीच बिघडत नाही, कारण एका शहरातल्या धाग्यामुळे पुढचं शहर अटळ होत नाही. लिस्बनला गॅस हा बांगलादेशी गुंड येतो. त्या भूमिकेत चंदन रॉय सान्याल मजा आणतो, पण तो प्रसंगही गोष्टीला बाहेरून चिकटवल्यासारखा राहतो.

याच दिग्दर्शकाच्या ‘जब वी मेट’मध्ये (२००७) ही चाचणी लावली तर उलट उत्तर येतं. नायिका गीत सहप्रवासी आदित्यसाठी रेल्वेगाडीतून उतरते म्हणून गाडी चुकते. टॅक्सीने रतलामला गाडी गाठते आणि फलाटावर पाण्याच्या बाटलीवरून हुज्जत घालत बसते, म्हणून पुन्हा चुकते. सामान गाडीत, ती फलाटावर. आता ती एकटी, आणि आदित्यला पाय काढता येत नाही. यातला एक दुवा काढला तरी पुढची भटिंड्याची, म्हणजे गीतच्या घरची वाट बंद. शिवाय गाडी चुकते ती गीतच्या स्वभावामुळे; प्रसंग आणि पात्र वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा बिघाड अडथळ्याचा. रोमँटिक कॉमेडीत दोघं एकत्र येणार हे पोस्टरवरच कळतं. ‘आत्ताच का नाही?’ याचं उत्तर भक्कम हवं. इथे ते उत्तर म्हणजे होणारा नवरा रूपेन, आणि तो बहुतेक वेळ फोनवरच. ज्याला सोडून येणं जड जातंय असं वाटतच नाही, त्याच्यामुळे ताण कसा येणार? हॅरीची व्यथाही पंजाबच्या शेतांच्या झलकांतून येते. दिसायला सुंदर, पण त्याने पुढे काय करायचं हे त्यातून ठरत नाही.

अंगठी अखेर सेजलच्याच बॅगेत सापडते. कल्पना उत्तम, जागा चुकली. तीच अंगठी पहिल्या तासाभरात, समजा प्रागमध्ये, सापडली असती आणि तिने लपवली असती, तर पुढचं प्रत्येक शहर तिला स्वतः रचावं लागलं असतं. खोटे पत्ते, खोटी आठवण, हॅरीला येत जाणारा संशय. प्रेक्षकाला माहीत, हॅरीला नाही. विनोद आपोआप आला असता, आणि तिला परत जायचं नाही हे एकाही संवादाशिवाय कळलं असतं.

शेवटाने तर आणखी निराशा होते. हॅरी लग्नघरी पोहोचतो तेव्हा कळतं की सेजलने लग्न आधीच मोडलंय. अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात धाडसी निर्णय, आणि तो आपल्याला फक्त सांगितला जातो. घरच्यांसमोर, रूपेनसमोर उभी राहून ती ‘नाही’ म्हणते, तो प्रसंग अनुष्का शर्माने जिवंत केला असता. तो पडद्यावर यायलाच हवा होता.