बोटभर अंतर

परवा दुपारी मोटरसायकल पुसताना सहज क्लच दाबून पाहिला, तर कुरकुरला. कानाला ऐकू येईल असा नव्हे, तळहातालाच कळेल इतपत. इंजिन बंद असलं की गाडीच्या अशा तक्रारी बरोबर कळतात. चालू असताना ती स्वतःच इतकी बडबडत असते की बिचाऱ्या क्लचच्या वायरीचं ऐकणार कोण?

त्यात माझी बोटं आखूड. हँडलला मूठ मारली की लिव्हर समोर दिसतो, पण पकडीत येतात ती नुसती बोटांची टोकं. पहिल्यांदा क्लच धरला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. काकांनी गाडी मेन स्टँडवर चढवली, मला सीटवर बसवलं आणि किक मारली. माझ्याच्याने लिव्हर अर्धासुद्धा दबेना, म्हणून त्यांनी माझ्या हातावरून आपला हात घालून तो दाबला आणि पहिला गिअर टाकला. मागचं चाक हवेतच हळूहळू फिरायला लागलं. मी ओरडले, "काका, अजून सोडला नाही तरी फिरतंय!" ते म्हणाले, "अगं, आत तेलात क्लचच्या प्लेटा आहेत, थोड्या ओढणारच. आता सोड. हळू. अजून हळू." एका जागी इंजिनाचा आवाज किंचित बसला आणि चाकाने वेग घेतला. "हीच ती जागा. लक्षात ठेव." ती जागा आजही डोळे मिटून सापडते. फक्त काकांच्या हाताखाली माझी बोटं लिव्हरवर चिरडली होती, हेही तितकंच आठवतं.

पुढे स्वतःची गाडी आली तेव्हा आखूड बोटांवर मी एक उपाय शोधला, आणि तो चुकीचा होता. वायर ढिली करायची. मग क्लच ग्रिपच्या अगदी जवळ येऊन पकडतो, बोटं ताणावी लागत नाहीत. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवा असं लिहिलेलं असतं. माझा चांगला तिप्पट असायचा. साहजिकच लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटायचाच नाही. गिअर टाकला की खट्ट, आणि न्यूट्रल तर देव पाण्यात घातल्याशिवाय सापडत नसे. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक वायर पुन्हा नीट ताणून द्यायचा, "ताई, क्लच फारच लूज झाला होता," असं सांगायचा. मी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा ढिली करायची. कित्येक वर्षं चाललं हे. त्याला खरं सांगायची लाज का वाटायची, कोण जाणे.

तर परवा. वायर ताणायचा स्क्रू, म्हणजे ॲडजस्टर, आत फिरवला, त्याची, लॉकनटाची आणि लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची खाच एका रेषेत आणली आणि वायर अलगद बाहेर काढली. वायरीच्या टोकाचा धातूचा गोळा, म्हणजे निप्पल, कोरडं ठणठणीत, त्याच्या मुळाशी दोन तारा तुटून मिशीसारख्या बाहेर आलेल्या. निप्पल लिव्हरच्या भोकात फिरलं नाही की दर दाबाला तार तिथेच वाकते आणि एक दिवस भर रहदारीत तुटते. नवी वायर आणली. लिव्हर ज्यावर फिरतो तो पिव्होट बोल्ट काढला. त्यावरचं काळं, घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं लावलं. निप्पललाही बोटभर. मग ब्रॅकेटचा बोल्ट सैल करून गाडीवर बसले, बोटं सरळ केली आणि लिव्हर बोटांच्या रेषेत येईपर्यंत खाली फिरवला. इतकी वर्षं तो नाक वर करून बसला होता आणि मनगट बिचारं मोडून त्याच्यापर्यंत पोचत होतं. ब्रॅकेट थोडं आत सरकवलं, म्हणजे दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी पडतात आणि जोर कमी लागतो. बोल्ट फार आवळला नाही. गाडी पडलीच तर लिव्हर फिरावा, तुटू नये.

आणि हो, मुळाशी छोटं चाक असलेला, जवळ-लांब करता येणारा लिव्हरही शेवटी घेतला. सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवलाय. प्ले मोजून १५ मिलिमीटर.

संध्याकाळी नवऱ्याने गाडी काढली आणि फाटकापाशीच थांबला. "अगं, याचा क्लच गेला कुठे?" मी म्हटलं, "माझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभी होते. क्लच लोण्यासारखा, मनगट सरळ, दोन बोटांत काम. तरी दीड मिनिटाने अंगठ्याच्या मुळाशी तीच जुनी कळ. शेजारच्या गाडीवरचे आजोबा न्यूट्रल करून दोन्ही हात मांडीवर ठेवून आरामात बसले होते.

मी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनच उभी राहिले. सवय.