आवाज ओळखला, पण...

काल कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात उभी होते आणि मागून आवाज आला, "दादा, पाठपोट काढा हां, आणि स्पायरल पण करून द्या." मी वळायच्या आधीच ओळखलं. "सर, एकदा परत सांगता का" म्हणणारा हाच आवाज, वर्षभर इअरफोनमधून ऐकतेय. इतका आनंद झाला की सरळ नावानेच हाक मारली, म्हटलं अगं मी, आपल्या ऑनलाइन बीकॉमच्या बॅचची. ती छान हसली, "सॉरी हं, नाही लक्षात येत." बस, एवढंच. तिची काही चूक नाही. पण घरी येईपर्यंत घशाशी काहीतरी अडकलं होतं ते अजून आहे.

कशी ओळखेल ती मला? तिच्यासाठी मी एक गोल, त्यात नावाचं पहिलं अक्षर. कॅमेरा बंद, कारण मागे बाबांची कॉट दिसते. माईक बंद, कारण कुकर, टीव्ही आणि बाकीचं. चॅटमध्ये 'येस सर' टाकलं की झालं. माझा चेहरा बघतात फक्त परीक्षेला, आधी आयकार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि मग मान वळवायची नाही, म्हणजे तेव्हासुद्धा कॉपी करत नाहीये ना एवढंच बघायला.

आत्या परवा विचारत होती, ऑनलाइनची डिग्री चालते का गं कुठे. तिला यूजीसीचं 2022 चं पत्रक दाखवलं, मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची असं त्यात स्पष्ट आहे. त्याचा मला प्रश्नच नाही. कागदावर मी आहेच. पण माझ्या शेजारी कोणी बसलेलं नाहीये, तीन वर्षं संपतील आणि एकीलाही मी आठवणार नाही, हे काल पहिल्यांदा असं समोर आलं.

आईनेही घरूनच बीए केलं, इथल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून. 1989 ला ते सुरू झालं, आई सुरुवातीच्याच बॅचमधली. पुस्तकं घरी वाचायची, पण रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असायचं, आणि तिथल्या दोघीजणी आजही तिच्याबरोबर नवश्या गणपतीला जातात. हेवा वाटला, खरंच. रात्री बोलले तिच्याशी. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पहिलं वर्षभर आम्ही तिघी बोललोच नव्हतो. एकदा गोदेला पूर आला, बस बंद, तिघी चालत निघालो, तेव्हा कुठे नावं विचारली."

वर्षभर! आणि मी कालपासून रडतेय.

अंबडला कामावरून सहाला सुटते, घरी येऊन बाबांचं बघायचं, रात्री आठला माझ्यासाठी वर्ग कुठल्या कॉलेजने उघडला असता? बीकॉम राहिलं ते राहिलंच होतं, आता होतंय ते या आठच्या लेक्चरमुळेच. बाक नाही मिळालं. ठीक आहे, नाही मिळालं.

आज मार्जिनल कॉस्टिंग आहे. ब्रेक इव्हनला, म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला किती नग विकायचे त्याला, फिक्स्ड कॉस्ट भागिले दर नगाचं काँट्रिब्युशन (विक्री किंमत वजा बदलता खर्च), इतपत येतं, पण दोन प्रॉडक्ट असले की काँट्रिब्युशन कुठलं धरायचं ते अजिबात कळलेलं नाही. सरांना विचारते, कुकर नंतर लावेन.